सोफा घेताना कापडाच्या आत बघा



आजचा विषय दिवाणखान्यातला आहे. नवा सोफा घ्यायचाय, तर चांगला सोफा ओळखायचा कसा?

फ्रिज घेताना आपण त्याचे स्टार मोजतो. मिक्सर घेताना वॉट विचारतो. सोफ्याच्या बाबतीत मात्र रंग आवडला, बसून बरं वाटलं, भाव जमला, की झालं. खरेदी चाळीस-पन्नास हजारांची, आणि पाहणी दहा मिनिटांची. मग दीड-दोन वर्षांत मधली जागा खचते, बसलं की कुरकुर ऐकू येते आणि घरातली वडीलधारी माणसं सोफा सोडून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायला लागतात.

असं होतं, कारण सोफ्यात जे टिकाऊ असायला हवं ते सगळं कापडाच्या आत असतं. बाहेरून वीस हजारांचा आणि साठ हजारांचा सोफा सारखाच दिसू शकतो. म्हणून आज आपण आतल्या चार गोष्टी बघू: सांगाडा, बैठकीखालचे पट्टे किंवा स्प्रिंगा, फोम आणि शेवटी कापड. हा क्रम मुद्दाम लावलाय. कापड पुढे बदलता येतं, फोम बदलता येतो, पट्टेही बदलता येतात. सांगाडा सहसा कोणी बदलत नाही, तो मोडला की सोफाच जातो. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घालायचे. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

सांगाडा

दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा: फ्रेम कशाची आहे? "सॉलिड वूड" हे उत्तर पुरेसं नाही. कुठलं लाकूड, ते विचारा. साग उत्तम. साल जड आणि मजबूत असतं, बऱ्याच सोफ्यांच्या आत तेच असतं. आंबा आणि रबरवूड ही स्वस्त लाकडं आहेत. ती नीट वाळवलेली आणि कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली असतील, तर चालतात.

इथे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. दिल्लीत कीर्तीनगरच्या बाजारात किंवा जयपूर-जोधपूरकडे "शीशम" असं ऐकलं, की आपल्या डोळ्यांसमोर आजोळची काळीभोर शिसवी कपाटं येतात. पण ती शिसव म्हणजे आपल्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या जंगलांतलं झाड. उत्तरेतला शीशम त्याच कुळातला असला, तरी झाड वेगळं. तेही चांगलं, टिकाऊ लाकूड आहे. मात्र जुन्या शिसवीची आठवण काढून कोणी भाव चढवत असेल, तर सावध व्हा. तसंच "सफेदा" म्हणजे उत्तरेत बहुतेक ठिकाणी नीलगिरी. ते लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर तडकतं आणि वाकतं.

लाकडाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते किती वाळलंय. ओलसर लाकडाचा सोफा पहिल्या उन्हाळ्यात आकसतो, सांधे ढिले होतात आणि कुरकुर सुरू होते. तुमची बदलीची नोकरी असेल, आज कोलकाता आणि तीन वर्षांनी नागपूर, तर लाकडाला दमट हवेतून एकदम कोरड्या हवेत जावं लागतं. अशा घराने भट्टीत वाळवलेलं लाकूड आहे का, हे विचारूनच घ्यावं.

प्लायवूडची फ्रेम वाईट असते असं नाही. चांगल्या जाड प्लायची फ्रेम कच्च्या लाकडापेक्षा बरी. फक्त आयएसआयचा शिक्का आणि ग्रेड बघा. एमआर ग्रेड कोरड्या जागेसाठी असते. दमट गावात असाल, तर बीडब्ल्यूआर मागा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मात्र वजन पेलणाऱ्या भागात नकोत. त्यात स्क्रू एकदा ढिला झाला, की पुन्हा धरत नाही.

आता सांधे. दोन लाकडं नुसती टोकाला टोक लावून पिनांनी ठोकली असतील, तर तो सांधा फार दिवसांचा नाही. खाच पाडून बसवलेला, गोंद लावून स्क्रूने आवळलेला आणि आतून कोपऱ्यात त्रिकोणी ठोकळा दिलेला सांधा चांगला. हे बघायचं कसं? सोफा उलटा करायला सांगा. खाली काळं पातळ कापड पिनांनी लावलेलं असतं. त्याचा एक कोपरा उघडून दाखवा म्हणावं. ज्याचा माल चांगला असतो, त्याची सहसा हरकत नसते.

कापड उघडायला तयार नसतील, तर दुसरी परीक्षा घ्या. तीन जणांच्या सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसऱ्या टोकाचा पुढचा पायही लगेच वर आला, तर सांगाडा घट्ट आहे. तो पाय जमिनीलाच चिकटून राहिला, तर सोफा पिळवटतोय.

बैठकीखाली काय आहे?

फोमच्या खाली काय आहे, हे फार कमी लोक विचारतात. पूर्वी नवारीचे पट्टे असायचे. आता साधारण तीन प्रकार दिसतात. एक, नुसती प्लायची फळी. ही सर्वांत स्वस्त पडते. हिच्यावर फोमला खालून लवचिक आधार नसतो, त्यामुळे तो लवकर दबतो आणि बसणं कडक होतं. दोन, इलास्टिकचे बेल्ट. हे चांगले, पण उभे-आडवे एकमेकांत विणलेले हवेत, आणि दोन बेल्टमधली फट बेल्टच्या रुंदीपेक्षा मोठी नको. तीन, झिगझॅग स्प्रिंगा. रोज चार-पाच माणसं बसणाऱ्या घराला या सोयीच्या.

वरच्या गाद्या उचला आणि बैठकीवर तळहाताने जोरात दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. कुठे हात एकदम खाली गेला किंवा लाकडाला टेकला, तर वर्षभरात तिथेच खड्डा पडणार.

फोम: वजन करून बघा

"चाळीस डेन्सिटीचा फोम आहे," असं दुकानात हमखास सांगतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. याचा फोमच्या मऊ-कडकपणाशी थेट संबंध नाही. मऊ फोमही जास्त डेन्सिटीचा असू शकतो आणि कडक फोमही कमी डेन्सिटीचा. डेन्सिटी सांगते ते फोमच्या टिकण्याबद्दल. हलका फोम दुकानात मऊ आणि सुखाचा वाटतो आणि काही महिन्यांत बसतो. रोजच्या वापराच्या बैठकीला 32 च्या खाली जाऊ नका. 40 मिळाला तर उत्तम. पाठीच्या उशांवर एवढा भार येत नाही, तिथे कमी चालतो.

दुकानदार खरं बोलतोय का, हे तुम्हाला स्वतःला तपासता येतं. गादीची चेन उघडा, फोम बाहेर काढा आणि वजन करा. प्रवासाची बॅग तोलायचा छोटा काटा पुरतो. समजा, फोम 60 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 12.5 जाड आहे. त्याचं आकारमान होतं 0.045 घनमीटर. 40 डेन्सिटीचा असेल, तर वजन 1.8 किलो भरेल. 32 चा असेल, तर साधारण 1.44 किलो. काट्यावर 900 ग्रॅमच दिसले, तर तो 20 चा फोम आहे, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

यात एकच पळवाट आहे. फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला, ज्याला रिबॉन्डेड म्हणतात, तो फोम वजनाला फार भारी असतो. तो दिसला, की वजनाचा हिशेब लागू होत नाही. बैठकीला आधार म्हणून त्याचा पातळ थर चालतो. पण सगळी गादीच त्याची असेल, तर सतरंजीवर बसल्यासारखं वाटेल.

कापड

कापडाची निवड आपल्या गावाची हवा आणि घरातली माणसं बघून करा. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट ठिकाणी लेदरसारखं दिसणारं पीयूचं कापड जपून घ्या. दमट हवेत त्याचा वरचा थर सुटतो आणि पापुद्रे निघायला लागतात. त्याला दुरुस्ती नाही. खऱ्या चामड्यावर पावसाळ्यात बुरशी धरते, ते सारखं पुसत राहावं लागतं. या हवेला विणलेलं कापड बरं. दिल्ली, इंदूर, नागपूरकडे धुळीचा प्रश्न असतो. तिथे मखमलीसारखं लव असलेलं कापड धूळ धरून ठेवतं. घरात मांजर असेल, तर मोठ्या, सैल विणीचं कापड नको, नखं अडकतात.

कापडाचा घासटीला टिकाव मोजायला मार्टिंडेल नावाची चाचणी असते. घरच्या रोजच्या वापरासाठी 20,000 च्या आसपास किंवा वर आकडा असावा. आकडा माहीत नसेल, तर कापड उजेडासमोर धरा. आरपार जाळी दिसली, तर वीण विरळ आहे. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा, रंग रुमालाला लागला तर नको. आणि शक्यतो चेन असलेली, काढून धुता येणारी कव्हरं घ्या.

माप: माणसांचं आणि दाराचं

सोफा चांगला बांधलेला असला, तरी आपल्या माणसांना बसायला सोयीचा हवा. पाठ पूर्ण टेकवून बसा. पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. बैठकीची उंची साधारण 16 ते 18 इंच असते. हल्ली खोल आणि बुटक्या सोफ्यांची टूम आहे. ते फोटोत छान दिसतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठणं म्हणजे शिक्षा होते. घरात आई-वडील, सासू-सासरे असतील, तर त्यांना दुकानात बरोबर न्या. दहा मिनिटं बसू द्या आणि मग कोणाचा हात न धरता उठायला सांगा. त्यांना उठता आलं नाही, तर तो सोफा सोडून द्या. आपल्या घरी पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ तेच बसणार आहेत. त्यांच्यासाठी 18 इंच किंवा थोडी जास्त उंची आणि धरून उठायला घट्ट हात, एवढं बघा.

खोलीचं माप आपण घेतोच. दाराचं, जिन्याच्या वळणाचं आणि लिफ्टचंही घ्या. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सोफ्याचा आकार आखा आणि दोन दिवस त्याच्या कडेने वावरून बघा. जायला-यायला अडीच ते तीन फूट वाट राहत नसेल, तर एक आकार लहान घ्या.

दुकान, ऑनलाइन की सुतार?

ओळखीचा चांगला कारागीर असेल, तर त्याच्याकडून करून घेण्यात एक मोठा फायदा आहे. कापड चढायच्या आधी तुम्हाला सांगाडा बघता येतो. पैसे टप्प्याने द्या. एक टप्पा सांगाडा बघितल्यानंतरचा ठेवा. आणि घरात जुना सागवानी सोफा असेल, तर नवा घेण्याआधी थांबा. त्याचे सांधे घट्ट असतील, तर नवीन पट्टे, फोम आणि कापड घालून तो बहुतेक वेळा बाजारातल्या नव्या सोफ्यापेक्षा सरस ठरतो.

ऑनलाइन घेत असाल, तर वॉरंटी कशाची आहे ते वाचा. मोठ्या अक्षरांतली वर्षं बहुधा फ्रेमची असतात. फोम आणि कापड त्यात येतं का, ते खाली बारीक अक्षरांत सापडतं. परत न्यायचा खर्च कोणाचा, तेही बघा. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या. बिलावर नुसतं "सोफा सेट, एक नग" नको. "सागवानी फ्रेम, 40 डेन्सिटी फोम, झिगझॅग स्प्रिंग" असं लिहून मागा. खोटं सांगणारा दुकानदार बरेचदा इथेच अडखळतो. पुढे फसवणूक निघाली, तर हाच कागद कामाला येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथे जमलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. म्हणजे सोफा दिल्लीच्या विक्रेत्याकडून मागवला आणि तुम्ही बेंगळुरूला राहता, तरी दिल्लीला खेटे घालायची गरज नाही.

तर मंडळी, दुकानात जाताना टेप, पांढरा रुमाल आणि बॅग तोलायचा काटा घेऊन जा. दुकानदार थोडं विचित्र नजरेने बघेल, बघू दे. सोफा दहा-पंधरा वर्षं आपल्या घरात राहणार आहे, तेव्हा तासभर जास्त गेला तर काही बिघडत नाही. पैसे कमी असतील, तर कापड साधं घ्या, एक खुर्ची कमी घ्या, पण सांगाड्यात काटकसर करू नका.