आयर्लंडमधील पब : शेजाराची बैठक

डब्लिन शहराच्या उत्तर भागात ग्लासनेव्हिन नावाची वस्ती आहे. तेथील विस्तीर्ण दफनभूमी १८३२ साली खुली झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या भिंतीशेजारी एक पब सुरू झाला. दारावर कॅव्हना या मालक-घराण्याचे नाव असले, तरी सारे शहर त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’, म्हणजे थडगी खणणाऱ्यांचा पब, या नावानेच ओळखते. दिवसभर कुदळ-फावडे चालवून दमलेले मजूर येथे येऊन बसत. कोणाला मूठमाती देऊन परतणारे आप्तइष्टही घटकाभर येथेच टेकत. त्याच्या जुन्या दालनात दूरचित्रवाणीचा संच नाही की गाणेबजावणे नाही. लाकडी जमीन, जुनी बाके आणि माणसांच्या बोलण्याचा मंद गलका एवढेच तेथील वैभव. तरीही, किंबहुना त्यामुळेच, लोक दुरून वाट वाकडी करून तेथे येतात.

‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’ या शब्दांचा संक्षेप होय. सर्वांना मोकळे असलेले घर, असा त्याचा अर्थ. या ‘घर’ शब्दाकडे लक्ष दिल्याखेरीज आयरिश पबचे मर्म कळावयाचे नाही. आपल्याकडील मोठ्या शहरांत पब म्हटले की कर्णकर्कश संगीत आणि झगझगाट डोळ्यांपुढे येतो. ‘गुत्ता’ म्हटले की अंधारी खोली आणि तोंड लपवून आत शिरणारा माणूस आठवतो. आयर्लंडमधील आळीतला पब या दोहोंपैकी एकाच्याही जातीचा नाही. गोव्याच्या खेड्यातील तावेर्न, जेथे संध्याकाळी पेल्याबरोबर गावची खबरबातही मिळते, ती त्याला बरीच जवळची. पबमध्ये मद्य विकले जाते हे खरेच. परंतु गिऱ्हाईक तेथे जाते ते मुख्यतः सोबतीसाठी. या संस्थेचा गोडवा आणि तिने केलेली हानी, या दोहोंचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

आयर्लंडच्या ग्रामीण भागात पब आणि किराण्याचे दुकान ही पुष्कळदा एकाच छपराखाली नांदत. पुढच्या बाजूस चहा, साखर, पीठ, दोरखंड व खिळे, तर मागच्या बाजूस पेले आणि पिंपे. नैऋत्येकडील डिंगल या बंदराच्या गावी ‘फॉक्सी जॉन्स’ नावाच्या पबमध्ये हा जुना थाट टिकून राहिला आहे. तेथे एका बाजूच्या फळीवर हातोड्या-खिळ्यांची विक्री आणि दुसऱ्या बाजूस पेल्यांची. काही गावांत तर पबचा मालकच अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा असे. जो पीठ तोलून देई, तोच पेला भरी आणि वेळ आली म्हणजे शवपेटीही तोच आणवी. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची उधारी थकली, कोणाचा मुलगा अमेरिकेला गेला, हे त्याला ठाऊक असणे स्वाभाविकच होते. पबवर बहुधा मालकाचे आडनाव लिहिलेले असते, आणि लोकही ‘पबमध्ये जातो’ असे न म्हणता ‘अमक्याकडे जातो’ असेच म्हणतात. त्यातच १९०२ च्या कायद्याने असा निर्बंध घातला, की जुना परवाना रद्द झाल्याखेरीज सामान्यतः नवा द्यावयाचा नाही. परिणामी परवाना ही घराण्याची मिळकत ठरली आणि एकेका कुटुंबाने तीन-तीन, चार-चार पिढ्या तेच दार उघडले.

आत शिरताच प्रथम जाणवते ती ऊब. आयर्लंडचा पाऊस कोकणातील पावसासारखा कोसळत नाही. तो बारीक, चिवट आणि बारमाही असतो. ओल्या अंगरख्याने आलेल्या माणसाला पेटलेली शेगडी हेच पहिले आतिथ्य. खेड्यातून तीत दलदलीच्या जमिनीतून कापून वाळविलेल्या ‘टर्फ’च्या विटा जळत, आणि त्यांचा मातकट धूर सर्वत्र दरवळे. छत बुटके, खिडक्या लहान, आणि लाकडी आडोशांनी केलेले छोटे छोटे कप्पे. यांपैकी ‘स्नग’ नावाचा कप्पा ध्यानात घेण्याजोगा आहे. ही एक बंद खोपटीवजा जागा. तिला स्वतःचे दार आणि पेला आत सरकविण्यासाठी एक झरोका. ज्यांनी चारचौघांत पिणे प्रशस्त मानले जात नसे, ते तेथे बसत. त्यांत स्त्रिया प्रमुख होत्या. सर्वांना मोकळे म्हणविणाऱ्या या घरात अर्ध्या समाजाला आडोशाला बसावे लागे, ही त्यातील विसंगती होय. १९७० नंतरच्या दशकातही पुष्कळ पब स्त्रीला मोठा पेला देण्याचे नाकारीत. स्त्रियांनी त्याविरुद्ध उघड निषेध केला, प्रथा हळूहळू ढिली पडली, आणि २००० सालच्या समान दर्जाच्या कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरविला.

या घराचे मुख्य पेय म्हणजे ‘स्टाउट’ ही काळसर बिअर. भाजलेल्या जवांमुळे तिला तो रंग आणि किंचित कडवट चव येते. आर्थर गिनेस याने १७५९ साली डब्लिनमधील सेंट जेम्सेस गेट येथील जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांच्या कराराने घेतली, तेव्हापासून त्याचे नाव या देशाशी जोडले गेले आहे. स्टाउटचा पेला भरणे हा एक छोटा विधीच असतो. पेला तिरपा धरून प्रथम सुमारे तीन-चतुर्थांश भरावयाचा, मग फळीवर तसाच ठेवावयाचा, आणि आतील खळबळ निवल्यावर उरलेला भाग भरावयाचा. या सर्वांस जवळजवळ दोन मिनिटे लागतात, आणि तोवर गिऱ्हाइकाने घाई करावयाची नसते.

हा विलंब केवळ रूढीचा नाही. १९५९ साली मायकेल अॅश या गणितज्ञाच्या प्रयत्नांतून या बिअरमध्ये नायट्रोजन वायू मिसळण्याची रीत सिद्ध झाली. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही; त्याचे बुडबुडे अतिशय बारीक असतात आणि त्यांपासून सायीसारखा दाट फेस धरतो. काचेच्या कडेने पाहिले असता हे बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली उतरताना दिसतात. पेल्याच्या मध्यभागी बुडबुड्यांबरोबर द्रव वर चढतो आणि कडेने खाली वळतो. त्या खालच्या ओघात कडेचे बारीक बुडबुडे सापडतात, हे त्याचे कारण. या दोन मिनिटांत काय करावयाचे? अर्थात, शेजारच्या माणसाशी बोलावयाचे. पावसापासून आरंभ होतो, आणि गोष्ट कोठवर जाईल याचा नेम नसतो.

पबमधील खरा कायदा मात्र ‘राउंड’चा, म्हणजे पाळीचा. चार मित्र एकत्र बसले, की प्रत्येकाने आपापल्या पेल्याचे पैसे द्यावयाचे नाहीत; एकाने चौघांसाठी मागवावयाचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कोणी हिशेब मांडत नाही, पण कोणी विसरतही नाही. दुसऱ्याच्या पाळीचे पिऊन आपली पाळी येण्यापूर्वी उठून जाणारा माणूस गावात कायमचा हलका ठरतो. या रीतीत देण्याघेण्याचा उमदेपणा आहे आणि श्रीमंत-गरीब यांना एका बाकावर आणणारी समताही आहे. तथापि तिचा हिशेब सोपा पण क्रूर आहे. चौघांत एक पेला घेऊन उठावयाचे म्हणणाऱ्याला चार घ्यावे लागतात; सहा जण असतील, तर सहा. ज्याला एवढी इच्छा नाही, किंवा ज्याच्या खिशात एवढे पैसे नाहीत, तोही भिडेपोटी बसून राहतो.

ही भीड किती घरांना भोवली, याची जाणीव आयरिश समाजाला फार पूर्वीपासून आहे. डब्लिनच्या गोदीतील मजुरांची मजुरी एके काळी पबमध्येच वाटली जाई. तेव्हा घरी पोहोचेपर्यंत तिचे किती उरे आणि चुलीवर काय शिजे, याची कल्पना करणे कठीण नाही. १८३८ साली कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाच्या शपथेची चळवळ उभारली आणि लाखो लोकांनी ती शपथ घेतली. १८९८ मध्ये फादर जेम्स कलन यांनी ‘पायोनिअर’ संघटना स्थापिली. तिचे सभासद छातीवर लहानसे पदक लावून आपला संकल्प उघड करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी तर पाळी मागविण्याच्या रूढीविरुद्धच एक स्वतंत्र संघ निघाला. शत्रू बाटलीत नसून भिडेत आहे, हे त्या संघाने अचूक हेरले होते. कायद्यानेही आपला हात चालविला. १९२७ पासून शहरांतील पब दुपारी तासभर बंद ठेवावे लागत, आणि गुड फ्रायडेला तर दिवसभर. गुड फ्रायडेची ही बंदी २०१८ साली उठली.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत जुना पब दरिद्रीच होता. जेम्स जॉइस यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युलिसीज’ या कादंबरीचा नायक डेव्ही बर्न यांच्या पबमध्ये चीजचे सँडविच खातो. शहरी पबमध्ये भुकेल्या माणसाला त्याहून फारसे काही मिळत नसे, आणि खेड्यात तेवढेही नसे. १९५४ साली डब्लिनमध्ये ‘टेटो’ या नावाने बटाट्याचे कुरकुरीत काप निघाले. चीज-कांद्याच्या चवीची ही पुडी पुष्कळ पबांची दीर्घकाळ एकमेव शिदोरी होती. पुढे काळ पालटला. स्त्रिया, मुले, प्रवासी, कचेरीतील नोकरदार येऊ लागले आणि पबच्या मागच्या बाजूस चूल पेटली. आता दुपारी वाफाळते सूप आणि सोडा घालून भाजलेला तपकिरी पाव मिळतो. मेंढीचे मांस, बटाटे व कांदा मंद आचेवर शिजवून केलेला ‘आयरिश स्ट्यू’ मिळतो. ग्लासनेव्हिनच्या त्या पबमध्ये ‘कॉडल’ आवर्जून मागितला जातो. सॉसेज, डुकराच्या खारविलेल्या मांसाचे काप, बटाटे आणि कांदे एकत्र उकडून केलेला हा डब्लिनच्या गरिबांचा पदार्थ. तो दिसावयास फिकट असतो. पण थंडीत भिजून आलेल्याला त्याची थोरवी सांगावी लागत नाही.

संगीताविषयी एक समज मात्र दुरुस्त करून घेतला पाहिजे. कोपऱ्यात बसून फिडल आणि बासरी वाजविणारे वादक हे आयरिश पबचे अनादि चित्र वाटते. वस्तुतः ते बरेचसे अर्वाचीन आहे. पूर्वी हे वादन घराघरांतून आणि गावच्या नाचांतून होई. पोटासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांपाशी तशी घरे नव्हती; म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास ते तेथील पबमध्ये जमून वाजवू लागले. मायदेशी ही रीत १९६० च्या सुमारास रुळली. डब्लिनच्या ओडोनोह्यूज या पबमधील अशाच बैठकींतून १९६२ साली ‘द डब्लिनर्स’ हे प्रसिद्ध गायकमंडळ उदयास आले. परक्या शहरात हरवलेल्या घराची जागा पबने भरून काढली, हेच येथेही दिसते.

आज ही संस्था ओसरत आहे. २००५ पासूनच्या दोन दशकांत आयर्लंडमधील सुमारे दोन हजार पब बंद पडले, आणि त्याचा मोठा भार खेड्यांवर पडला. तरुण शहरांकडे गेले. मोठ्या दुकानांतून स्वस्त बिअर घरी येऊ लागली. आणि २०११ साली वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली गेली. रस्त्यांवरील जीव वाचावेत हा त्यामागील हेतू निर्विवाद योग्य होता. परंतु डोंगराळ वस्तीत एकटा राहणारा वृद्ध शेतकरी आठवड्यातून एकदा गाडी काढून पबमध्ये येई, तोही त्यामुळे घरी बसला. २०१३ साली केरी परगण्याच्या परिषदेने अशा लोकांना थोड्या मद्यानंतर गाडी चालविण्याची विशेष मुभा मिळावी, असा ठराव केला. त्यावर देशभर टीका झाली आणि ती मुभा मिळाली नाही. ठराव अविचारी होता. मात्र त्यामागील एकाकीपणा खोटा नव्हता. २०१८ पासून काही ग्रामीण भागांत सायंकाळच्या बसगाड्या सुरू झाल्या, हे त्याला मिळालेले अधिक शहाणपणाचे उत्तर म्हणावे लागेल.

साथीच्या काळाने तर या घराची परीक्षाच पाहिली. मार्च २०२० मध्ये सर्व पब बंद झाले. जूनअखेर जे उघडले, ते केवळ जेवण देणारे. प्रत्येक गिऱ्हाइकाने किमान नऊ युरोंचे जेवण घेतलेच पाहिजे, अशी अट होती. ज्यांच्याकडे चूल नव्हती, त्या पबांना डब्लिनबाहेर सप्टेंबरपर्यंत आणि डब्लिनमध्ये पुढील वर्षापर्यंत थांबावे लागले. एका थाळीने कोणाचे दार उघडावे आणि कोणाचे मिटलेले राहावे, हे ठरविले.

या अनुभवातूनच पुढील वाट काहीशी दिसते. जेथे जेवण मिळते, चहा मिळतो, मद्यार्क नसलेली स्टाउटही त्याच सन्मानाने भरून दिली जाते, तेथे पाळीची जुनी सक्ती आपोआप सैल होते. मुलाला घेऊन आलेली आई, शपथ पाळणारा वृद्ध आणि पेला हाती घेतलेला मजूर एकाच शेगडीपाशी बसू शकतात. ‘सर्वांना मोकळे असलेले घर’ हे नाव तेव्हाच सार्थ होते. मद्य आता कोठेही मिळते, आणि घरी स्वस्तही पडते. परंतु पावसाच्या संध्याकाळी दार लोटताच आपले नाव घेऊन विचारपूस करणारा माणूस दुकानात विकत मिळत नाही. पब बंद पडला की गाव मुकते ते त्या माणसाला.