चौदा संघांचा मुसाफिर

इंग्रजीत 'जर्नीमन' असा एक शब्द आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रवास करणारा माणूस. पण मूळ अर्थ वेगळा. त्याची नाळ दिवसाच्या मजुरीसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दाशी जुळलेली आहे. उमेदवारी संपलेला, काम पुरतं शिकलेला, पण स्वतःचं दुकान नसल्यानं दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या संघातून त्या संघात फिरत राहणाऱ्या खेळाडूला हाच शब्द लावतात. मी कवितेचा माणूस, शब्दाच्या मागे लागून या खेळापर्यंत पोचलो आणि एडविन जॅक्सनपाशी थांबलो.

एडविन गोलंदाज. वडील अमेरिकन लष्करात, म्हणून जन्म जर्मनीतल्या नॉय-उल्म गावी, १९८३ साली. म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ते जन्मापासूनच. ९ सप्टेंबर २००३ रोजी, विसाव्या वाढदिवसाला, तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिला मोठा सामना खेळला. समोर गोलंदाज होता रँडी जॉन्सन, त्या काळातला दरारा. डॉजर्स जिंकले. पोरगा मोठा होणार, असं सगळे म्हणू लागले.

पुढे झालं ते असं. टँपा बे, डेट्रॉइट, मग अॅरिझोना. २५ जून २०१० रोजी अॅरिझोनाकडून खेळताना त्यानं 'नो-हिटर' केला. म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या एकालाही चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठता आला नाही. समोरचा संघ कोण, तर टँपा बे, त्याचंच जुनं घर! आता मौज पाहा. त्या सामन्यात त्यानं आठ फलंदाजांना भरकटलेले चेंडू टाकून पहिला तळ फुकट दिला. गोलंदाजानं शंभरएक चेंडू टाकले की त्याला बसवायचा हल्लीचा रिवाज. यानं टाकले १४९. सामना जिंकला १-० असा. मला तरी निर्दोष विक्रमांपेक्षा हा घामेजलेला विक्रम जवळचा वाटतो.

पाचेक आठवड्यांत अॅरिझोनानं त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं.

'देऊन टाकलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बेसबॉलमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते, तिला 'ट्रेड' म्हणतात. करार तोच राहतो, मालक बदलतो. खेळाडूला बहुधा विचारतही नाहीत. २७ जुलै २०११ रोजी एडविन सकाळी शिकागोचा होता. त्याला टोरांटोला दिलं, आणि त्याच दिवशी टोरांटोनं सेंट लुईस कार्डिनल्सला. तीन महिन्यांनी कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले आणि विजेत्यांत हाही होता.

याच कार्डिनल्सचा कर्ट फ्लड बारा हंगाम खेळला होता. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिलं, तेव्हा तो अडून बसला. मी काही विकायची वस्तू नाही, असं त्याचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९७२ मध्ये तो हरला. त्याची कारकीर्दही जवळपास त्यातच संपली. पण १९७३ पासून नियम आला: दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारता येतो. १९७५ च्या लवादानंतर करार संपल्यावर हवा तो संघ निवडण्याची मोकळीकही मिळाली.

नियम चांगलाच. पण नीट पाहा, नकाराचा हक्क मिळाला कुणाला? जो एका जागी स्थिरावला त्याला. ज्याला सारखं हलवतात, त्याची पाच वर्षं एका ठिकाणी भरणार कशी? एडविनची कुठल्याच संघात भरली नाहीत. शिकागो कब्जनं त्याच्याशी चार वर्षांचा, ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता. पहिल्याच हंगामात, २०१३ मध्ये, १८ पराभव त्याच्या नावावर लागले. २०१५ मध्ये, करार संपण्याआधीच, कब्जनं त्याला मोकळं केलं. पैसे मिळाले, हे खरंच. उपाशी मजुराशी त्याची तुलना मी करणार नाही. पण बायकामुलांचं बिऱ्हाड कुठे मांडायचं, हा प्रश्न पैशानं सुटत नाही.

मग अटलांटा, मायामी, सॅन दिएगो, बाल्टिमोर. मधूनमधून खालच्या दर्जाच्या लीगमध्येही. मे २०१९ मध्ये तो टोरांटोकडून मैदानात उतरला. २०११ मध्ये ज्या संघात तो काही तासच होता, तोच हा संघ. हा त्याचा चौदावा, आणि तो विक्रम ठरला. २०२१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, टोकियो ऑलिंपिकमध्ये देशासाठी रौप्यपदक मिळवलं. २०२२ मध्ये निवृत्ती.

बेसबॉलमध्ये सामन्याची हारजीतही एकेका गोलंदाजाच्या खात्यावर मांडतात. त्याचं खातं: १०७ विजय, १३३ पराभव. तेरा संघांनी त्याला जाऊ दिलं, हा एक हिशोब. चौदा संघांना तो हवासा वाटला, हा दुसरा. मला दुसरा अधिक खरा वाटतो. जो निव्वळ टाकाऊ, त्याला चौदाव्यांदा कोण बोलावील?

जुलै २०२५ मध्ये रिच हिल नावाचा डावखुरा गोलंदाज, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून उतरला. त्याचाही हा चौदावा संघ. दोन सामन्यांनंतर त्याचं नाव यादीतून काढलं.