खाकी पाठीचा 'पाचोळा'

जूनचा दुसरा आठवडा. घनसावंगीवर आभाळ भरून येतं आणि न बरसताच निघून जातं. शिंपीकाकांच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. मशीनमागच्या फळीवर, अस्तराच्या कापडाशेजारी, पंधराएक कादंबऱ्या उभ्या आहेत.

जांब समर्थकडचा एक पोरगा बाकावर बसलाय. तीन वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षा देऊन परत आलाय, आता वडिलांबरोबर कपाशी बघतो. त्याचा हात सरळ 'बारोमास'कडे जातो.

"ती राहू दे सध्या," काका मशीन न थांबवता म्हणतात.

"का हो काका? साहित्य अकादमी मिळालंय तिला."

"चांगली हाय म्हणूनच म्हणतो. पाऊस पडू दे, पेरणी होऊ दे, मग ने."

मला काकांचं पटतं. शेजारच्या बुलढाण्यातल्या सदानंद देशमुखांच्या या कादंबरीतला एकनाथही शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत रुतलेला. कादंबरी हातात ठेवणाऱ्याला घेणाऱ्याच्या घरचं ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

काका उठतात, मांडीवरचे दोरे झटकतात आणि 'पाचोळा' काढतात. रा. रं. बोराडेंची, १९७१ची. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलंय. पुठ्ठ्यावर गणवेशाचं उरलेलं खाकी कापड चिकटवलंय, पाठीला दुहेरी टीप मारलीय.

"ही शिंप्याच्या घरची गोष्ट. त्याची बायको सांगती, आपल्याच बोलीत. रोज रात्री आमच्या घरी मोठ्यानं वाचायचो. एकदा ही मधीच म्हणाली, हे कुण्या बाईनं लिहिलंय का हो? म्हणलं, न्हाई गं, लातूरकडच्या एका प्राध्यापकानं."

पोरगा पुस्तक हातात घेतो, पण नजर 'बारोमास'वरच.

मुलीचा गणवेश न्यायला आलेल्या बाई दारातूनच बोलतात, "काका, द्या की त्याला. २०१२च्या दुष्काळात आमची मोसंबी वाळली, झाडं तोडावी लागली. 'बारोमास' मी तेव्हाच वाचली. लई रडले. पण आपलं कुणीतरी लिहून ठेवलंय, याचा आधार वाटला."

काका काही बोलत नाहीत. कात्री हातात घेतात, परत खाली ठेवतात. माझंही मघाचं मत आता तेवढं पक्कं राहिलेलं नाही. मी पोराच्या तोंडाकडे बघतो. तो बाईंना विचारतोय, "शेवटपर्यंत वाचलीत?"

"दोनदा."

काका फळीवरून 'बारोमास' उतरवतात आणि 'पाचोळा'वर ठेवतात. "आधी कोणती, ते तुझं तू बघ."

पोरगा 'बारोमास'चं शेवटचं पान उघडतो. तिथं पेन्सिलीनं एकाखाली एक दहा नावं आहेत, बाईंचं चौथं. तो खाली आपलं लिहितो. परतीच्या तारखेचा रकानाच नाही. पानाच्या माथ्यावर काकांच्या अक्षरात एवढंच आहे: 'वाचून झाल्यावर पुढं कुणाला द्यायची, ते सांगून जा.'