चौघांनी उचलला रणगाडा!

दोस्ता, इकडे ये. तुला एका जुन्या फोटोची गंमत सांगायचीय.

फोटो काळापांढरा आहे, दुसऱ्या महायुद्धातला. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीचा! तुझी पणजी तेव्हा फ्रॉक घालून हुंदडत असेल. फोटोत एक रणगाडा दिसतो. अंगावर जाडजूड पत्रा, पुढे लांबलचक तोफ. आणि सैनिक काय करतायत, ओळख पाहू!

त्यांनी तो रणगाडा हातांवर उचललाय!

आपण वर्गातलं कपाट सरकवायचं तर पाच-सहा जण लागतात. वर बाई ओरडतात ते वेगळंच. आणि हा ‘शर्मन’ जातीचा अमेरिकन रणगाडा. वजन साधारण तीस टन. म्हणजे सहा हत्ती एकावर एक! मग या सैनिकांनी असं खाल्लं तरी काय होतं?

काही नाही. आणि फोटोही खोटा नाही हं! मोबाइलवर करामती करायचे दिवस तेव्हा कुठे होते? फोटो अगदी खरा. खोटा होता तो रणगाडा!

तो होता रबराचा. आत नुसती हवा!

जत्रेत उड्या मारायचा हवेचा किल्ला असतो ना? त्याचाच हा चुलतभाऊ. आत जाड जाड रबरी नळ्यांचा सांगाडा. सायकलच्या चाकातली ट्यूब असते ना, तशा, पण कितीतरी मोठ्या. त्यावर रबर लावलेलं कापड. पंपाने हवा भरली की उभा राहिला रणगाडा! वजन किती? जेमतेम बेचाळीस किलो. तांदळाचं मोठं पोतंसुद्धा याहून जड भरेल.

एक पंचाईत मात्र होती. रात्री थंडी पडली की आतली हवा आकसायची. सकाळी बघावं तर काय, शूरवीर रणगाड्याची तोफ खाली लोंबतेय! पाणी न घातलेल्या रोपासारखी. मग पळा पंप घेऊन! थंडीत फुगाही जरा मऊ पडतो ना, तसंच!

पण एवढा खटाटोप कशासाठी?

वर बघ. आकाशात!

शत्रूची, म्हणजे जर्मनांची विमानं वरून उडायची. काही विमानांच्या पोटात बाँब नसायचेच. असायचे भलेमोठे कॅमेरे! खालच्या रानांचे, रस्त्यांचे खटाखट फोटो काढायचे आणि घरी परतायचं, एवढंच त्यांचं काम. मग टेबलाशी बसलेली हुशार माणसं त्या फोटोत डोकं खुपसायची. इथे किती रणगाडे? तिथे किती ट्रक?

ही माणसं फसवायला महाकठीण. कारण ती फोटोत आधी काय बघायची, सांगू? सावली! वरून पाहिलं तर रणगाडा म्हणजे नुसता चौकोनी ठिपका. पण सावलीत तोफेची नळी लगेच कळते. भर उन्हात मैदानावर उभं राहून बघ. तुझी सावलीच सांगते, डोक्यावर टोपी आहे की नाही!

त्यांची दुसरी युक्ती तर भन्नाट आहे. आत्ता करून बघ. एक बोट नाकासमोर धर. डावा डोळा मीट. आता तो उघड आणि उजवा मीट. बोट उडी मारतं की नाही? दोन डोळ्यांना दोन जरा वेगळी चित्रं दिसतात. मेंदू ती एकत्र करतो आणि ठरवतो, काय जवळ, काय लांब. विमानातूनही एकाच जागेचे लागोपाठ दोन फोटो काढायचे. मग दोन भिंगांच्या चष्म्यासारख्या यंत्रातून ते शेजारी शेजारी ठेवून बघायचे. अहाहा! कागदावरची झाडं उभी राहायची, घरं वर यायची!

आता सांग, जमिनीवर रणगाड्याचं नुसतं चित्र रंगवून ठेवलं असतं तर? पोळीसारखं चपटं दिसलं असतं! म्हणून तर फुगवून खराखुरा गरगरीत आकार करावा लागला.

शेतातल्या बुजगावण्याला पाखरं फसतात. हे बुजगावणं होतं कॅमेऱ्यासाठी!

अमेरिकेच्या सैन्यात या कामाची खास तुकडीच होती. लोक तिला आता ‘भुतांची फौज’ म्हणतात. माणसं सुमारे अकराशे. त्यात चित्रकार होते, नक्षीकाम करणारे होते. म्हणजे वर्गात शेवटच्या बाकावर बसून वहीत चित्रं काढणारी मंडळी थेट युद्धावर! १९४४ मध्ये ती फ्रान्समध्ये उतरली.

आणि काय बारकावे! रणगाडा चालला की मातीत त्याच्या पट्ट्यांचे चर उमटतात. हवेचा रणगाडा कुठले चर उमटवणार? मग बुलडोझर फिरवून ते उमटवायचे! रणगाडे जाळीखाली लपवायचे, पण मुद्दाम जरा उघडे ठेवून. लपाछपीत पडद्यामागे लपलेल्या धाकट्या भावाचे पाय दिसतात ना, तस्से! शिवाय दोरीवर कपडे वाळत. माणसं राहतायत असं वाटायला नको?

फोटोला आवाज नसतो, पण आसपास शत्रूचे कान होतेच. म्हणून खऱ्या रणगाड्यांचा खडखडाट आधी ध्वनिमुद्रित करून आणलेला. रात्री गाडीवरच्या अगडबंब कर्ण्यांतून तो वाजवायचा. चोवीस किलोमीटरवर ऐकू जायचा म्हणे! आपल्या गल्लीतल्या डीजेने कानाला हात लावावा.

मार्च १९४५ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठी त्यांनी सगळ्यात मोठा खेळ मांडला. शेकडो रबरी रणगाडे आणि गाड्या. अकराशे जणांनी तीस हजारांचं सोंग आणलं! खऱ्या सैन्याने नदी ओलांडली दुसरीकडून.

हे सगळं इतकं गुपित की युद्धानंतर कितीतरी वर्षं त्यांना घरीसुद्धा सांगायची बंदी होती. मला तर परीक्षेत कमी पडलेले मार्क एक दिवस लपवता यायचे नाहीत!

गुपित फुटता फुटता वाचल्याची एक गोष्टही आहे. फ्रान्समध्ये एकदा दोघे गावकरी सायकलवरून पहारा चुकवून आत आले. बघतात तर चार सैनिक एक अख्खा रणगाडा उचलून फिरवून ठेवतायत! दोघे जागच्या जागी थिजले. तोंडाचा आ झालेला. पहाऱ्यावरच्या सैनिकाकडे त्यांनी पाहिलं. आता काय सांगायचं?

तो शांतपणे म्हणाला, आम्ही अमेरिकन लोक फार ताकदवान असतो!