काय देऊन वाचलो?

विवेकवर्धिनी शाळा हैदराबादेत 1907 साली सुरू झाली. त्याच वर्षी वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी छापून आणला. आणि पुढच्याच वर्षी, 28 सप्टेंबर 1908 ला, मूसी नदी शहरात शिरली. या तिन्हींचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. पण कथानक म्हणजे काय आणि गोष्टीतला संघर्ष कुठे असतो, याचा शंभरेक वर्षांचा मागोवा हैदराबादेत बसून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. शाळेत हा विषय फार चटकन उरकतात. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध स्वतः, अशा चौकटी आखायच्या आणि पुराची गोष्ट दुसऱ्या चौकटीत टाकून मोकळं व्हायचं. पूर निसर्गाचा, तेव्हा संघर्ष निसर्गाशी. मला हे कधीच पटलेलं नाही. नदी कोणाशी भांडत नसते.

आधी गोडसे भटजी. घरावर कर्ज होतं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचं ऐकून दक्षिणेच्या आशेने काका-पुतणे उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आत होते. इंग्रज शहरात शिरले, कत्तल सुरू झाली, हे लपून राहिले आणि वाचले. मिळवलेला पैसा मात्र वाटेत लुटला गेला. घरी परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. हे सगळं त्यांनी पंचवीसेक वर्षांनी, 1883 च्या सुमाराला, वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं.

आता यात ‘भटजी वाचतात की नाही’ हा प्रश्न कोणाही वाचकाला पडत नाही. पुस्तक हातात आहे, म्हणजे लिहिणारा वाचला. खऱ्या बचावाच्या गोष्टीची ही पहिली अडचण: शेवट मुखपृष्ठावरच फुटलेला असतो. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण ओढ वेगळ्याच प्रश्नाची असते. पैसा आणायला गेलेला माणूस पाणी घेऊन आला. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं, पण कर्जाचं काय? जायचं कारण आणि परतताना हातात असलेली वस्तू यांच्यातलं अंतर हेच ‘माझा प्रवास’चं कथानक आहे. झाशीची लढाई त्या अंतराच्या मध्ये येते एवढंच. वैद्यांनी मूळ मजकुरावर पुष्कळ हात फिरवला होता. जुन्या हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो 1966 साली पुन्हा काढला. जगलेल्या माणसाची गोष्ट दुसऱ्याच्या हाती गेली की तिची घडण बदलते, याचा मराठीतला हा ठळक नमुना.

मूसीच्या बाबतीत तर एकाच घटनेची तीन कथानकं झाली.

घटना अशी: मुसळधार पावसात मूसीच्या खोऱ्यातल्या 788 तळ्यांपैकी 221 फुटली आणि ते सगळं पाणी शहरावर आलं. अफझलगंज, कोळसावाडी, चादरघाट हे भाग धुऊन निघाले. अफझल पूल गेला, 1578 चा पुराना पूल मात्र राहिला. मृतांचा आकडा 15 हजारांच्या घरात सांगितला जातो.

पहिलं कथानक लोकांनी रचलं. नदी कोपली आहे, तिला शांत करायला हवं. सहावे निजाम मीर महबूब अली खान स्वतः काठावर गेले, मूसीला साडी-नारळ वाहिले आणि पाणी ओसरलं, असं जुने हैदराबादकर आजही सांगतात. हिंदू सांगतात, मुसलमान सांगतात, आणि दोघांच्याही सांगण्यात कौतुक असतं. या गोष्टीत कोप आहे, शरणागती आहे, क्षमा आहे. घडण पुराणकथेची, आणि बांधणी अगदी चोख.

दुसरं कथानक 1909 साली आलं. विश्वेश्वरय्यांना पाचारण झालं. त्यांनी कोप बाजूला ठेवला आणि तळी मोजली. वरचं तळं फुटलं की त्याचा लोंढा खालच्या तळ्यात उतरतो, खालच्याला तो पेलत नाही, ते फुटतं, मग त्याखालचं. ‘मग काय झालं’ याच्या जागी ‘कशामुळे झालं’ हा प्रश्न येतो तेव्हा नुसत्या हकीकतीचं कथानक होतं. त्या अर्थाने हैदराबादच्या पुराची सर्वांत शिस्तीची कथा एका इंजिनिअरच्या अहवालात आहे. तिचा शेवटही दगडाचुन्यात उभा राहिला: 1920 साली उस्मानसागर, 1927 साली हिमायतसागर.

तिसरं कथानक उर्दू कवी अमजद हैदराबादी यांचं. आई, बायको आणि मुलगी पुरात गेली, घरात एकटे तेवढे उरले. त्यांनी त्यावर ‘क़यामत-ए-सुग़रा’, म्हणजे छोटा प्रलय, ही नज़्म लिहिली. पुढे ते 1961 पर्यंत जगले, रुबायांसाठी नावाजले गेले. इथे नदी एका रात्रीत ओसरली होती, पण संघर्ष पन्नासहून अधिक वर्षं चालला. तो होता आपण उरलो या गोष्टीशी. शाळेतली कोणती चौकट याला लावणार?

उस्मानिया दवाखान्याच्या आवारातलं चिंचेचं झाड सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या फांद्यांना धरून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. दर 28 सप्टेंबरला काही मंडळी त्याच्याखाली जमतात, मृतांना आदरांजली वाहतात, झाडाचे आभार मानतात. चांगलंच करतात. पण माझं मत विचाराल तर ही अजून गोष्ट झालेली नाही, हे नवल आहे. दीडशे माणसं चढली म्हणजे कोणी तरी कोणाला वर ओढलं असणार, आणि कोणी तरी कोणाला ‘आता जागा नाही’ म्हटलं असणार. झाडाची महती सांगणारे त्या वाक्यापाशी कधी थांबत नाहीत. गोष्ट तिथे सुरू होते.

1931 साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. आदल्याच वर्षी त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ आली होती. केतकरांच्या कादंबऱ्यांवर टीकाकारांचा कायमचा आक्षेप असा की विचार भरपूर, पण कथानक ढिलं. आणि याच सुमाराला ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ आलं. त्यात कथा कशी बांधावी याचे पाठ होते. गुंफण, निरगाठ, उकल, उत्कंठा या शब्दांवर पुढची पंधराएक वर्षं मराठी मासिकं चालली. फडक्यांच्या तंत्राची नंतर फार थट्टा झाली, पण ते एक काम चोख करत होतं: वाचकाला पान उलटायला लावत होतं. या तंत्राची दमछाक होई ती योगायोगापाशी. हरवलेलं पत्र नेमकं सापडे, चुकलेली गाडी नेमकी उपयोगी पडे. मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर आले आणि नवकथेने घटनेचा डामडौलच उतरवला. संघर्ष माणसाच्या मनात आहे, हे मराठी वाचकाला तेव्हा नीट उमगलं.

विद्यानगरला लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठात 1938 साली वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. शेकडो मुलं नागपूरला गेली, नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत हा प्रसंग येतोच येतो. त्याचं कारण साधं आहे. त्यात निवड आहे. गाणं सोडायचं की वर्ग सोडायचा. निवड असली की सांगणाऱ्याला कथानक रचावं लागत नाही, ते आयतं मिळतं.

भूकंपात ते मिळत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची गावं खचली तेव्हा हैदराबादेतल्या किती तरी मराठी घरांत लातूर-उस्मानाबादकडच्या नातेवाइकांची नावं घेतली जात होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुका आटोपून लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली जवळपास दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांच्या हकीकती आपण सगळ्यांनी ऐकल्या: उकडत होतं म्हणून अंगणात झोपलो, म्हणून वाचलो. फडक्यांच्या कथेत हा योगायोग आला असता तर आपण नाक मुरडलं असतं. खऱ्या आयुष्यात तोच एकमेव खुलासा असतो, आणि तो सांगणाऱ्याला पुरत नाही. ‘मी अंगणात का, ते आत का’ याला उत्तर नसतं, म्हणून तो माणूस तीच हकीकत परत परत सांगतो. याउलट, अँडीज पर्वतात 1972 साली कोसळलेल्या विमानातल्या 45 जणांपैकी 16 जण 72 दिवसांनी परतले. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, चित्रपट निघाले. त्यांतला बर्फ कोणाच्या लक्षात राहत नाही. मेलेल्या सोबत्यांचं मांस खायचं की नाही, हे ठरवण्याची वेळ राहते.

माझ्या डोळ्यांदेखत एक कथानक घडताना मी पाहिलं ते ऑक्टोबर 2020 मध्ये. 13 तारखेच्या संध्याकाळी सुरू झालेला पाऊस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुमारे 19 सेंटिमीटर झाला. हुसेनसागराचं जादा पाणी वाहून नेणारा नाला नल्लाकुंट्याच्या बाजूने गोलनाक्याकडे मूसीला जातो, त्याच्या आसपासच्या सखल गल्ल्या तुंबल्या. आमच्या ओळखीचे एक काका तळमजल्यावर राहतात. मागच्या खोलीत भाड्याने एक म्हातारं जोडपं. दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं ते असं: दिवे गेले, पाणी उंबऱ्यात आलं, आधी फ्रिज दोन स्टुलांवर चढवला, मग गाद्या, मग कागदपत्रांची पेटी, आणि मग मागच्या आजी-आजोबांना हाक मारली. त्यांना जिन्यावर आणलं तेव्हा आजींच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. ‘हौ, परेशानी झाली, पण सगळे ठीक,’ असं म्हणून काकांनी चहा मागितला.

दिवाळीला तीच हकीकत परत ऐकली. आता गाद्या आणि आजी-आजोबा एकदम आले. संक्रांतीपर्यंत आजी-आजोबा पहिले झाले आणि फ्रिज शेवटी. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अहो, फ्रिज आधी चढवला होता नं?’ काका म्हणाले, ‘तू नक्को मधे बोलू.’ आजी-आजोबा खुशाल आहेत, त्यांची काही तक्रार नाही. काका खोटं बोलत नव्हते, त्यांना आता तसंच आठवत होतं. पण त्या रात्रीचा खरा संघर्ष पाण्याशी नव्हता, तो त्या क्रमात होता. काकांनी क्रम बदलला तेव्हाच तो कुठे आहे ते कळलं.

कादंबरीकार हे जाणूनबुजून करतो: कुठली घटना आधी, कुठली नंतर, कुठली गाळायची. वाचलेला माणूस तेच नकळत करतो, आणि जिथे घटना पुढेमागे सरकते तिथे त्याचं दुखणं असतं. गोडसे भटजींच्या दोन प्रतींतला फरक अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो तो काही उगाच नाही.

सप्टेंबर 2025 च्या शेवटी वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि मूसी महात्मा गांधी बस स्थानकात शिरली. नांदेड-लातूरच्या गाड्या जिथून सुटतात तेच हे स्थानक. प्रवासी रात्री अडकले, त्यांना बाहेर काढावं लागलं. मोबाइलवर शेकडो चित्रफिती फिरल्या. सगळ्यांत पाणी दिसतं, फलाट दिसतात, आरडाओरडा ऐकू येतो. कोणी काय सोडून निघालं ते एकीतही दिसत नाही.

म्हणून हैदराबादच्या मराठी घरांना एक विनंती. घरात कोणी 1948 च्या पोलीस कारवाईतली धावपळ पाहिलेलं, किल्लारीच्या ढिगाऱ्यातून निघालेलं, किंवा 2020 च्या रात्री जिन्यावर बसून काढलेलं असेल, तर त्यांची हकीकत आज लिहून घ्या. पाणी किती फूट होतं ते सरकारी दफ्तरात सापडेल. कोणी आधी काय उचललं आणि कोणाला नंतर हाक मारली, ते पहिल्या सांगण्यात जसं आलं तसंच, तारखेसकट लिहा. दुसऱ्यांदा वेगळं सांगितलं तर पहिलं खोडू नका, खाली दुसरं लिहा.