परार्धातील एक आराखडा

कैरो येथील अहमद माहेर रुग्णालयातील एकोणीस दालने कोणत्या एकोणीस जागी असावीत, म्हणजे रुग्णांची पायपीट कमीत कमी होईल, या प्रश्नाचा गणिती विचार अलवलीद एल्शाफेई यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. वरकरणी ही बाब एखाद्या हुशार कारकुनाने फावल्या वेळात निकालात काढावी इतकी किरकोळ वाटते. ज्या दोन दालनांमध्ये वर्दळ अधिक ती शेजारी शेजारी ठेवावीत, की झाले! परंतु एक दालन दुसऱ्याच्या निकट आणले की ते तिसऱ्यापासून दुरावते, आणि एकोणीस दालने एकोणीस जागी मांडण्याचे सर्व प्रकार मोजू गेल्यास ते एक परार्धाहूनही अधिक भरतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यास्थानांची जी नामावळी दिली आहे, तिच्यातील हे अखेरचे नाव, एकावर सतरा शून्ये. दर सेकंदास एक कोटी मांडण्या तपासणारे यंत्र घेऊन बसले तरी हे काम उरकण्यास सुमारे ३८५ वर्षे लागतील, आणि रुग्णाला तर आजच बरे व्हायचे असते.

या अफाट शक्यतांपैकी अनुभवी वास्तुशिल्पी आपल्या अंतःप्रेरणेच्या बळावर चार-दोन आराखडे निवडतो, त्यांतील एक मालकाच्या पसंतीस उतरतो, आणि उरलेल्या शक्यतांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. ‘जनरेटिव्ह डिझाइन’ या नावाने हल्ली जी संगणकीय पद्धत रूढ होत आहे, तिने या व्यवहाराचा क्रम पालटला आहे. येथे वास्तुशिल्पी प्रथम नकाशा काढीत नाही. नकाशा कोणत्या नियमांनी सिद्ध व्हावा, त्यात काय अचल आणि काय बदलते असावे, आणि सिद्ध झालेल्या नकाशाची गुणवत्ता कोणत्या मापाने जोखावी, एवढाच तपशील तो लिहून देतो. नकाशे काढण्याची मजुरी यंत्राकडे.

या पद्धतीचे बहुचर्चित उदाहरण कॅनडातील टोरोंटो शहराचे आहे. ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीला तेथील मार्स नावाच्या संकुलात आपली नवी कचेरी थाटावयाची होती, आणि तिची अंतर्गत मांडणी वास्तुशिल्पी डेव्हिड बेंजामिन यांच्या ‘द लिव्हिंग’ या चमूने याच रीतीने केली. कर्मचाऱ्यांना प्रथम प्रश्नावली देण्यात आली : कोणाचा शेजार हवा, उजेड किती हवा, गलबला कितपत चालेल. त्या उत्तरांतून सहा उद्दिष्टे ठरली. ज्यांचे परस्परांशी काम पडते ती माणसे जवळ असावीत, प्रत्येक गटाला त्याच्या कार्यपद्धतीस साजेशी जागा मिळावी, कामात व्यत्यय कमी यावा, येता-जाता गाठीभेटी व्हाव्यात, सूर्यप्रकाश मिळावा, आणि बसल्या जागेवरून बाहेरचे दृश्य दिसावे. यांतील तिसरे आणि चौथे उद्दिष्ट परस्परांचे उघड वैरी आहेत, हे कचेरीत एक आठवडा काढलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. यंत्राने सुमारे दहा हजार आराखडे रचले आणि प्रत्येकास सहाही कसोट्यांवर स्वतंत्र गुण दिले.

मात्र हे दहा हजार आराखडे अंदाधुंद चिठ्ठ्या टाकून निघालेले नव्हेत. जॉन हॉलंड यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात सृष्टीतील उत्क्रांतीचे तत्त्व गणनेस लावून दाखविले होते; त्या धर्तीवर पहिल्या पिढीतील सरस आराखड्यांचे गुण एकमेकांत मिसळून, त्यांत क्वचित एखादा यदृच्छेचा फेरफार घडवून, दुसरी पिढी निपजते, आणि असा वंशविस्तार पिढ्यान्‌पिढ्या चालतो. टोरोंटोच्या कामी जी रीत वापरली, तिचे जन्मस्थान मात्र कानपूरची आयआयटी होय. प्राध्यापक कल्याणमय देब आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली ही रीत दोन गोष्टी पाहते. ज्या आराखड्यावर दुसरा कोणताही आराखडा सर्व बाबतींत बरोबरी साधून निदान एका बाबतीत तरी मात करीत नाही, तो पुढच्या पिढीसाठी अग्रक्रमाने राखावा; आणि तुल्यबळ आराखड्यांत निवड करावयाची झाल्यास, एकसारख्या आराखड्यांच्या दाटीतला न घेता विरळ जागी एकटा उभा असलेला घ्यावा, म्हणजे विविधता टिकून राहते. ही दुसरी युक्ती मला फार मार्मिक वाटते. माणसांच्या निवडसमित्या बहुधा याच्या नेमके उलट वागतात.

अशा रीतीने अखेरीस जे हाती येते ते एक उत्तर नसून उत्तरांची एक रांग असते. तिच्यातील कोणत्याही आराखड्यात उजेड वाढवू गेल्यास शांतता, शेजार किंवा दुसरे काहीतरी घटते; या स्थितीला इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांचे नाव आहे. रांगेतून एक आराखडा उचलण्याची मुखत्यारी यंत्राकडे नाही. किती उजेडासाठी किती शांतता सोडावयाची, याचा निवाडा माणसांनाच करावा लागतो, आणि पूर्वी जो निवाडा वास्तुशिल्पीच्या मनात गुपचूप होत असे तो आता आकड्यांसह सर्वांसमोर मांडला जातो. या पद्धतीचा खरा लाभ, माझ्या मते, वेगापेक्षा या उघडेपणात आहे.

तिचा धोकाही तेथेच दडलेला आहे. यंत्राला उद्दिष्ट आणि बंधन यांतील भेद काटेकोरपणे कळतो : उद्दिष्टासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या झटते, बंधन मात्र केवळ मोडू देत नाही. आपल्याकडील शहरांत एखाद्या बिल्डराने चटईक्षेत्र हेच एकमेव उद्दिष्ट ठेवले, आणि खिडकीचे आकारमान, इमारतीभोवतीची मोकळी जागा व स्वयंपाकघराचे वायुवीजन ही सारी नियमावलीतील बंधने म्हणून नोंदविली, तर यंत्र प्रत्येक बंधन नियमाबरहुकूम, परंतु बहुतेक ठिकाणी किमान मर्यादेवर आणून ठेवील; विक्रीयोग्य चौरस फूट त्यामुळे वाढत असेल, तर खिडकीला बोटभरही जास्त रुंदी मिळणार नाही. नकाशा मंजूर होईल, कायद्याचा भंग कोठेही आढळणार नाही, आणि बैठकीच्या खोलीत वारा खेळणार नाही. आरपार हवा खेळावी असे ज्याला वाटते त्याने ती गोष्ट मोजमापासह उद्दिष्टांच्या यादीत घालण्याचा आग्रह पहिल्याच बैठकीत धरला पाहिजे. कारण एकदा यंत्र चालू झाले की पुढचे दहा हजार नकाशे त्या यादीच्या हुकमाबाहेर जात नाहीत.