‘चिनी घरां’चे मूळ गाव

एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील ओकच्या कोरड्या रानात, विरळ सावलीत, आम्हाला एक जांभळे-पांढरे फूल भेटले. दांड्याभोवती फुलांची एकावर एक वर्तुळे, जणू पॅगोड्याचे मजले. म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘चायनीज हाउसेस’ म्हणतात. शास्त्रीय नाव कॉलिन्सिया हेटरोफायला. नाव चिनी असले, तरी ही वर्षायू वनस्पती मूळची कॅलिफोर्नियाच्याच मातीतली आहे.

मुलांना ते वाटाण्याच्या कुळातले वाटले. खात्रीसाठी आम्ही पाने पाहिली : साधी आणि समोरासमोर जोडीने आलेली. वाटाण्याची पाने संयुक्त, एकाआड एक असतात. फुलाच्या खालच्या ओठाची मधली पाकळी दुमडलेली होती. ती अलगद उघडताच आत 4 पुंकेसर दिसले. वाटाण्यात ते 10 असतात. कॉलिन्सियाचे कूळ आपल्या इसबगोलाचे!

आडनाव विचारून माणूस जोखणारी नजर आपल्या पिढ्यांनी सोसली आहे. म्हणून मुलांना एवढेच सांगितले : नावावर विसंबू नका, आधी पाहा, मोजा, पडताळा. आणि फूल खुडू नका. वर्षायू रोपाचा पुढचा वसंत त्याच्या बियांतच असतो.